तीन हजार आठ बाय दोन हजार

संपादकांनी मला चार वाजेपर्यंत वेळ दिली होती. माझ्या विभागातल्या नव्या फोटोग्राफरला, प्रतिभाला, नोकरीवर ठेवायचं की काढायचं, तेवढं सांगायचं होतं. २००४ची गोष्ट. नाशिकच्या एका दैनिकात मी फोटो विभागाचा प्रमुख होतो आणि कॅमेऱ्यातलं मला सगळं कळतं, असा माझा ठाम समज होता.

चांदवडला शेतकऱ्यांनी हायवेवर कांदे ओतले. सकाळी आमच्या पेपरात प्रतिभाचा फोटो आला, पलीकडच्या पेपरात त्यांचा फोटोग्राफर यादव याचा. एकाच गच्चीवरून काढलेले, जवळजवळ सारखेच. संपादकांना वाटलं, पोरीने यादवकडून फोटो मागून आणला. मी तिच्या फाइलचा आकार पाहिला. तीन हजार आठ बाय दोन हजार ठिपके. यादवच्या कॅमेऱ्याचा हा आकडा मला तोंडपाठ होता. प्रतिभाचा नवा कॅमेरा तर यादवच्या कॅमेऱ्याच्या कंपनीच्या कट्टर स्पर्धकाचा. म्हटलं, सापडली चोरी.

सगळ्या विभागासमोर मी तिला उभं केलं. "हा फोटो तुझ्या कॅमेऱ्याचा नाही. आकडाच बोलतोय."

"नाय सर, माझाच हाय." घाबरली की तिची चांदवडची बोली बाहेर यायची. "आम्ही दोघं शेजारी उभे होतो."

"मग त्याच्या आधीचे-नंतरचे फोटो दाखव."

"मेमरी कार्ड पुसलं. एकच कार्ड आहे माझ्याकडे."

"वा! म्हणजे पुरावाही साफ!" मागे कुणीतरी हसलं.

तिने बॅगेतून कॅमेरा काढला, माझ्यावर रोखला आणि बटण दाबलं. मग कार्ड माझ्याच कॉम्प्युटरला लावलं.

तीन हजार आठ बाय दोन हजार.

"कंपन्या बाहेर भांडतात, सर," ती म्हणाली. "आत फोटो टिपणारा सेन्सर दोघींना एकाच कारखान्यातून येतो."

"मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलं कुठं?"

आकड्यापेक्षाही वाईट गोष्ट पडद्यावर होती, माझा चेहरा. मला वाटत होतं मी चिडलोय. फोटोत राग नव्हताच. पोरगी तावडीत सापडली म्हणून मी चक्क खूश दिसत होतो. सगळा विभाग तो चेहरा बघत होता.

"चुकलं माझं," मी कसंबसं म्हणालो. "तू राहतेस. संपादकांना मी सांगतो."

"काय सांगाल?"

मी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला पाच मिनिटं कमी होती.

"मी चालले, एवढंच सांगा," ती म्हणाली आणि तिने कार्ड काढून घेतलं.