घुमी खरं सांगत होती

मित्रांनो, परवाच निळा रंग लागल्यामुळे मी जुना आहे हे तुम्हाला पाहून कळणार नाही. पण मी चांगला जुना आहे. मैदानाच्या कडेला उभा असलेला बास्केटबॉलचा खांब तो मी. वर पांढरा बोर्ड, बोर्डाला लाल रिंग, रिंगला जाळी. हा सगळा भार चार बोल्टांवर आहे. ते बोर्डाच्या मागे आहेत, त्यामुळे कुणाला दिसत नाहीत.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तीन माणसांनी मला कापलं, जोडलं, घासलं आणि ट्रकमधून इथे आणून काँक्रीटमध्ये रोवलं. पहिली बारा वर्षं माझी मोठी बडदास्त होती. मैदान सांभाळणारे काका दर महिन्याला शिडी लावून चढायचे, पान्याने एकेक बोल्ट आवळायचे, तेल घालायचे. उतरल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून विचारायचे, "जेवलास का रे पोटभर?" मग काका निवृत्त झाले. त्यांच्यामागे शिडी कुणी लावली नाही.

फ्री थ्रोची स्पर्धा भरवणारे सर वाईट नाहीत हं. उलट फार टापटिपीचे आहेत. टेप धरून पंधरा फुटांवर रेषा आखतात, लहान गटासाठी अलीकडे दुसरी रेषा, आणि काठी लावून रिंगची उंची मोजतात. प्रत्येकाला पंचवीस थ्रो, बरोबरी झाली तर आणखी पाच. चेंडू परत द्यायला माझ्याखाली दोन मुलं उभी असतात. स्पर्धेआधी मला दरवर्षी रंग मिळतो. खोटं कशाला बोलू, मला तो आवडतो. लोक "अगदी नवाकोरा दिसतोय" म्हणाले की मी फुशारतो. पण रंगाखाली गंज आपलं काम करतच राहतो.

आणि सरांची एक हौस आहे. स्पर्धा संपली की ते टेबलावर चढतात, जिंकलेल्या मुलाला उचलून रिंगला लटकवतात आणि तसा फोटो काढून घेतात. ऑफिसच्या भिंतीवर असे अकरा फोटो आहेत. प्रत्येक फोटोच्या वेळी माझे बोल्ट थोडे थोडे वाकत गेले.

गेल्या वर्षी मुलींच्या गटात लंबू आणि घुमी यांची बरोबरी झाली. लंबू म्हणजे सगळ्यांत उंच मुलगी. घुमी ही पलीकडच्या वेल्डरची लेक. दिवसभरात चार शब्द बोलली तर पुष्कळ, म्हणून तिला ते नाव पडलं. वर्षभर शाळा सुटल्यावर ती एकटी माझ्यासमोर सराव करायची. तो कप तिला किती हवा होता, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

जादा पाचांत लंबूचे चार रिंगमध्ये गेले. घुमीचे पहिले दोन गेले. तिसरा रिंगवर आदळून आत पडला आणि त्या धक्क्याने माझा एक बोल्ट आतल्या आत मोडला. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. घुमी मात्र चेंडू हातात घेऊन तशीच उभी राहिली. फुटक्या सांध्याचा आवाज तिने बापाच्या दुकानात शेकडो वेळा ऐकला होता.

"सर, बोर्ड सुटलाय," ती म्हणाली. "खाली मुलं उभी आहेत."

सरांनी काठी लावली. "दहा फूट. चोख आहे. टाक."

"मागून चढून बघा ना एकदा."

"घुमे, दोन राहिलेत. टाकतेस की नाही, तेवढं सांग."

ते दोन गेले असते तर कप तिचा होता. तिने माझ्याखालच्या मुलांकडे पाहिलं आणि चेंडू जमिनीवर ठेवला. "नाही टाकत."

कप लंबूला मिळाला. सरांनी तिला उचललं, ती लटकली. मित्रांनो, तेव्हा मी उरलेल्या तीन बोल्टांनिशी जीव खाऊन धरून ठेवलं. दुसरं काय करणार होतो? फोटो छान आला. मग सगळे घुमीकडे वळले. "घाबरली, आणि नावं ठेवते बोर्डाला," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मी पडलो नाही, म्हणून ती खोटी ठरली. ते मला वर्षभर खातंय.

त्यानंतर दुसरा बोल्ट गेला. उरलेल्या दोघांतला एक नुसता रंगाने चिकटलेला आहे. स्पर्धा उद्या आहे. सरांनी फळ्यावर लिहिलंय, यंदा तिन्ही गटांचे विजेते एकदम लटकणार.

आज दुपारी घुमी आली. सर रेषा आखत होते. तिने माझ्या अंगाला कान लावला, बोटाने ठोकून पाहिलं आणि सरांकडे गेली.

"सर, मला खेळायचं नाही. माझं नावही घालू नका. फक्त वर चढून पाना लावून बघा."

"अगं, वर्ष झालं त्याला. हरलीस ते विसर की आता."

ती फाटकाकडे निघाली.

उद्याही धरून ठेवीन, असं मी म्हणत होतो. पण तीन मुलांचं वजन मला पेलणार नाही, आणि खाली आणखी दोघं असतील. मित्रांनो, तुमच्याकडच्या खांबाला, झोपाळ्याला, घसरगुंडीला रंग लावण्याआधी पाना लावा. आणि कधी न बोलणारी मुलगी बोलली, तर शिडी आणा.

सर टेप गुंडाळून ऑफिसकडे गेले आहेत. घुमी फाटकापाशी पोचली आहे. बोर्ड खाली आल्याचा आवाज तिला नक्की ऐकू जाईल. माझ्याखाली आत्ता कुणी नाही. तुम्हीही जरा बाजूला व्हा.