सातवा सिनेमा

सिरसाळ्यातलं कापडाचं दुकान रुद्रेशच्या हवाली करून त्याचे वडील वीरभद्रअप्पा घरी बसले, तेव्हा त्यांनी एकच हौस बोलून दाखवली. शाळेत असताना अंतराळातल्या ज्या सिनेमापायी रुद्रेशनं अभ्यास बुडवला, त्यांच्याच हातचा मार खाल्ला, तो सिनेमा त्यांना बघायचा होता.

त्या सिनेमाचे आता अकरा भाग झाले होते, सगळे हिंदीतून मिळत होते. रुद्रेशचा लाडका भाग सगळ्यात आधी निघालेला, पण गोष्टीच्या क्रमानं सातवा. गोष्टीत त्याच्या आधी येणारे सहा नंतर काढलेले आणि बरेचसे रटाळ.

“तुला आवडतो त्योच आदी लाव की,” अप्पा म्हणाले.

रुद्रेश हटून बसला. गोष्ट मुळापासून कळली, तरच सातव्याची खरी मजा, असं त्यानं त्यांना पटवलं.

त्याच महिन्यात अंबाजोगाईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की अप्पांची नजर फार तर चार-सहा महिने टिकेल. अप्पांना त्यानं ते कळू दिलं नाही. आता क्रम बदलला तर त्यांना संशय येईल, असं तो स्वतःला समजावत राहिला. खरं तर त्याला आपला हट्ट मोडायचा नव्हता.

लग्नसराईत दुकान सोडता येईना, रविवारमागून रविवार हुकले. पाचव्या भागाला अप्पा खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसले. सहाव्याला त्यांनी विचारलं, की हे सगळं अंधारातच घडतंय काय. पडद्यावर भर दुपारचं वाळवंट होतं. रुद्रेश हो म्हणाला.

सातव्याची पाळी आली तोवर अप्पांना समोरचा माणूसही दिसेनासा झाला होता. रुद्रेशनं सिनेमा लावला, यान कसं खाली येतंय ते सांगू लागला आणि मध्येच थांबला. डॉक्टर काय बोलले, कधी बोलले, सगळं त्यानं सांगून टाकलं.



“मला कावून न्हाई सांगितलंस?” अप्पा म्हणाले. “मी ह्योच पयला बघितला असता.”

सिनेमा बंद करायला रुद्रेशनं रिमोट उचलला, तशी अप्पांनी चाचपडत त्याचं मनगट धरलं.

“असू दे चालू. कुठं उतरलं ते?”

डोंगरावर, तो म्हणाला. कसल्या रंगाचा डोंगर, अप्पांनी विचारलं. रुद्रेश पडद्याकडं बघत राहिला. त्या रंगाला काय म्हणावं, ते काही केल्या त्याच्या तोंडात येईना.