कावळ्याला बंदी

सुदेशचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर दुबईतल्या अल कुसैसच्या वर्कशॉपमधला फिटर, शुक्रवारची सुट्टी, केळीच्या पानात भाताचा पिंड बांधून घेतो काय आणि टॅक्सी करून शारजाच्या वेशीवरच्या, पक्ष्यांसाठी राखीव रानात जातो काय!

त्याची आई कृष्णाबाई गावी वारली, त्याचा तो दहावा दिवस. थोरला लेक इथे, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि मॅनेजरचं आपलं "इन्शाल्ला, बघू." बघता बघता दहावा उजाडला. तिकडे गुहागरकडच्या गावी धाकटा भाऊ किसन नदीवर विधी करणार होता. ते सगळं खरं, पण सुदेशला चैन पडेना. आईचा जीव आपल्यातच अडकलाय, असं त्याच्या मनाने पक्कं धरलं होतं. चार वर्षं तो घरी गेला नव्हता. दर फोनला म्हणायचा, "येत्या शिमग्याला नक्की." शिमगे आले आणि गेले, हा ओव्हरटाइम करत राहिला.

तर गड्याने अक्कल चालवली. पिंडाला कावळा शिवायला हवा. कावळा म्हणजे पक्षी, आणि पक्षी म्हणजे ते रान. पाणी आहे, झाडं आहेत, नदीकाठासारखं होईल. झालं!

कुंपणापलीकडे नव्या व्हिलांची रांग, अलीकडे गुडघाभर पिवळं गवत, मधे तळं. तळ्यात बगळे काय, फ्लेमिंगो काय, नुसती जत्रा. कावळा मात्र औषधालाही नाही. त्याने पान खाली ठेवलं, हात जोडले, मागे सरला. पुन्हा पुढे गेला, पान सरळ केलं, पुन्हा मागे आला. पाय काही एका जागी ठरेनात.

"आये, येत्या शिमग्याला येतो," तो हळूच म्हणाला. कुठे काही हललं नाही.

"बरं, दोन महिन्यांची रजा काढून येतो."

घामाने सदरा पाठीला चिकटला होता. आभाळ ठणठणीत रिकामं.

"आये, कायमचा येतो! व्हिसा कॅन्सल करून येतो, खलास!" हे तो ओरडलाच, आणि त्याचाच जीव चरकला. कारण या वेळी तो खोटं बोलत नव्हता.

ओरडणं ऐकून रखवालदार धावला. जहूर नाव, पेशावरकडचा. "क्या करता है भाई? इधर खाना डालना मना है!" सुदेशने मोडक्यातोडक्या हिंदीत आई, पिंड, कावळा असं सगळं सांगितलं. जहूरने हातातली काठी खाली केली.

"माँ का मामला है तो बैठो. लेकिन कव्वा नहीं आएगा. दूसरे परिंदों के अंडे खा जाता है ना? मैं ही भगाता हूँ. यही मेरी ड्यूटी है."

घ्या! तो राहायचा त्या कामगारांच्या कॅम्पच्या कचराकुंडीवर कावळ्यांचा बाजार भरलेला असतो, आणि हा शहाणा, अख्ख्या मुलखात जिथे कावळ्याला बंदी, नेमका तिथे पिंड मांडून बसला. हसावं की रडावं तेच सुदेशला कळेना.

मग एकदम त्याच्या मनात आलं, तिकडेही असंच झालं असणार. किसन नदीवर ताटकळला असेल, भटजी घड्याळ बघत असतील, आणि कावळा घिरट्या घालून परत जात असेल. आपलं वचन कानावर पडल्याशिवाय तो शिवायचाच नाही! त्याने मोबाइल काढून गावच्या घरी फोन लावला. घरातलं कुणीतरी निरोप घेऊन नदीवर धावेल.

फोन किसननेच उचलला. "दादा? बोल."

"तू घरी कसा? अरे, कावळा शिवला नसेल ना? भटजींना सांग, मी वचन देतो, मी आता कायमचा..."

"कधीच शिवला, दादा. पान ठेवून मागं वळलो नाय, तोवर झडप घातलीन. सगळी म्हणाली, म्हातारी तृप्त होऊन गेली, तिचा जीव कशात अडकला नव्हता. तू उगाच जीवाला लावून घेऊ नको. जेवलास?"

"हो," सुदेश म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

"आया उधर?" जहूरने विचारलं.

"आया."

"फिर तो अच्छा हुआ!"

"अच्छा हुआ," सुदेश म्हणाला आणि मटकन गवतात बसून लहान पोरासारखा रडायला लागला. आईने त्याची वाट बघणं कधीच सोडून दिलं होतं, आणि ते त्याला कुणी कळवलं नव्हतं.