आठच्या बातम्यांचे प्रायोजक

सांगलीत आमचं केबल चॅनेल आहे आणि आठच्या बातम्या मी वाचते. लोकांना वाटतं, बातम्यांच्या मध्ये जाहिराती येतात. आमच्या ऑफिसात उलटं समजतात. जाहिरात हा माल आणि बातमी म्हणजे तो बांधायचा कागद. मालक दिग्विजयदादा हे हसत हसत सांगतात, त्यांना त्याची काडीचीही लाज वाटत नाही.

मल्हार आमचा कॅमेरामन, आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. त्याची आई तानुबाई इथल्या एका बड्या दवाखान्यात साध्या ऑपरेशनला आली आणि गेली. ऑक्सिजनची टाकी संपली होती, बदलायला कुणी जागेवर नव्हतं. घरच्यांना सांगितलं, हृदय बंद पडलं. खरं काय ते एका नर्सने मल्हारच्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं आणि बिचारीने नोकरीवर पाणी सोडलं.

"आबांना माझं खरंच वाटंना, सिमरनताई," मल्हार वडिलांबद्दल म्हणाला. "एवढा मोठा डॉक्टर आसं करंल व्हय, म्हणत्यात. आता टीव्हीतच दावतो."

मल्हारने केलेली ती बातमी दिग्विजयदादांनी पाहिली. डोळे पुसले, खरोखर पुसले. मग म्हणाले, "गड्या, आठच्या बातम्या कुणाच्या जिवावर चालत्यात? त्याच दवाखान्याच्या. ही न्हाई लावता येत. पर आईचा फोटो दे, श्रद्धांजली लावतो. फुकट."

एरवी आमच्याकडे श्रद्धांजलीचेही पैसे पडतात, म्हणजे हा त्यांचा मोठेपणाच म्हणायचा! मल्हारने फोटो दिला नाही. दादांनी तो त्याच्याच बातमीतून काढून घेतला. माझ्या अंगाची आग आग झाली, पण मी मेकअपला जाऊन बसले.

त्या दिवशी मधल्या ब्रेकमध्ये पडद्यावर तानुबाई आल्या. डोक्यावर पदर, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली दवाखान्याचं नाव नि फोन नंबर. आठच्या कार्यक्रमात जे जे दिसतं त्याच्याखाली प्रायोजकाची पट्टी असतेच. आज तरी ती काढावी, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मल्हारचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला. आबा रडत होते.

"आली रं तुझी आय टीव्हीत! समदं गाव बघतंय. दवाखान्यानं सवताचं नाव घालून तिला हात जोडल्यात. आन तू त्यास्नी नावं ठेवत हुतास?"

"आबा, जाहिरात हाय ती!"

"गप रं. आरं, तुझ्या भावाच्या, तानाजीच्या बायकूचं दिस भरल्यात. त्यानं नंबर लिहून घेतलाय. उद्या तिला थितंच आणतोय."

"आबा, नका! आबा!"

फोन ठेवला होता. मल्हार पुन्हा पुन्हा लावत राहिला, तिकडे कुणी उचलेना. काचेमागून दादांनी मला खूण केली, ब्रेक संपला.

मी पुढची बातमी वाचली. तिच्याखालीही तोच नंबर होता.