अकरा तोंडांची डाळ

"आगं, वत की समदी म्हशीम्होरं!" आकारामतात्या सोप्यात बसून ओरडत होता. "किडकी डाळ किती निवडशील? डोळं जातील डोळं."

"जाऊ देत. अन्न हाय त्ये," चिमणाकाकी म्हणाली. सुपातनं मान काही तिनं वर काढली नाही.

आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. बैलांना पाणी दाखवायला निघालो होतो, तो आवाज ऐकून दारातच थांबलो. श्रावण लागलेला, पण तीन आठवडे सूर्याचं तोंड दिसलं नव्हतं. भिंती कमरेपर्यंत ओल्या, चुलीतलं लाकूड नुसतं धुपायचं. काकीच्या पुढ्यात तुरीच्या डाळीचा ढीग होता आणि बारीक काळे किडे सुपाच्या काठावर चढून येत होते. बोटानं एकेक उचलून ती टाकत होती.

"अंबादास, तूच सांग हिला," तात्या मला म्हणाला. "रेशनात दात हुतं, चणं न्हवतं. आता चणं हायत, तर दात गेलं."

चैतात ही डाळ माझ्याच गाडीतनं आली होती.

लढाईपासनं रेशन मागं लागलेलं. पिकवायचं आपण, सरकारच्या लेव्हीत घालायचं आपण आणि पुन्हा रांगेत उभारायचंही आपणच. काकीच्या घरात अकरा तोंडं, आणि आमटीत डाळ शोधायला दिवा लावावा लागायचा. त्या साली धान्यावरचा कंट्रोल उठला. काकी माझ्याबरोबर कोल्हापूरच्या बाजाराला आली. व्यापाऱ्यानं पोत्याचं तोंड सोडलं, तसा हिनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"बघताय काय एवढं?" व्यापारी म्हणाला.

"काय न्हाय. गार लागतंय," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं बाईच्या.

अख्खं पोतं घेतलं. तीन दिवस ऊन दिलं, एरंडेल चोळलं, कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरलं, वरनं शेणानं तोंड लिंपलं. पुढच्या चैतापतोर बघायला नको, एक दाणा वाया जायचा नाही, असं सगळ्या गल्लीला सांगून आली.

आणि वैशाखात घर मोकळं झालं.

थोरला लेक बंडू शिमग्यालाच इचलकरंजीला कापडाच्या मागावर लागला होता. अक्षयतृतीयेला आला आणि बायको, चार पोरं घेऊन गेला. पंधरा दिवसांत धाकटा वसंताही बायको आणि तान्ह्या लेकराला घेऊन मागनं गेला. भांडण नाही, तंटा नाही. भांडून गेले असते तर समजूत काढून परत तरी आणता आले असते. एवढ्या घरात दोन म्हातारी माणसं आणि भरलेली कणगी राहिली.

पावसात कणगीला खालनं ओल लागली. काकीनं गल्लीत दारोदार विचारलं, "डाळ देऊ का गं?" जी ती म्हणायची, "आमच्यातबी हाय की काकी." सगळ्यांनीच त्या साली भरून ठेवलेलं. इतकी वर्षं मूठभर डाळीला माणसं तरसली, आणि द्यायची वेळ आली तर घेणारं कोणी नाही.

शेवटी तिनं निवडलेली डाळ चुलीवर परातीत थोडी थोडी गरम करून कोरडी केली. आठ दिवस लागले. मी वैरण घेऊन इचलकरंजीला निघालो, तशी पोतं घेऊन गाडीत येऊन बसली. "पोरांच्या वाटणीचं हाय. पोरांच्या घरात पडू दे," म्हणाली.

बंडूची खोली म्हणजे आमचा गोठा बरा. पत्र्याची, दहा बाय आठाची. बाजूला माग धडधडत होते, बोललेलं ऐकू येत नव्हतं. सून बाळाबाई पोतं बघूनच दारात उभी राहिली.

"आत्ती, ह्ये ठिवायचं कुठं?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. "रातीला आमी सा जण कुशीवर निजतोय. वर गळतंय, खाली घुशी. रोज सांजचं पावशेर आणतोय बगा दुकानातनं. वसंताभावजींची खोली ह्याच्यापरास ल्हान."

"खाटंखाली ठीव की."

"खाट कुठाय, आत्ती?"

काकीनं खोलीभर बघितलं. खरंच नव्हती.

बंडू पाळी संपवून आला. केसांवर, भुवयांवर कापसाची लव. तिशीतला गडी म्हातारा दिसत होता. पोत्याला हात लावून बघितला.

"आई," तो म्हणाला, "आता आमी माघारी येत न्हाय. फुडल्या साली एवढं भरू नगंस."

काकी त्याच्याजवळ सरकली. पदरानं त्याच्या भुवया पुसायला लागली.

शेजारच्या खोलीत मौला म्हणून विणकर राहायचा, लांबनं आलेले आठजण मिळून एकत्र शिजवायचे. तो दारात येऊन म्हणाला, "मावशी, जागा न्हाय तर आमच्यात ठिवा. आमी कसलं ठिवतोय म्हना! आठजण हाय, म्हैन्याभरात खाऊन टाकू. चाललं का?"

काकीनं त्याच्याकडं बघितलं. "किडकी हुती रं. मी निवडलीया, पर एखादा राहिला आसंल."

"आमी रोज काय खातोय त्ये बघाय या मावशी," मौला हसला आणि पोतं खांद्यावर टाकून घेऊन गेला. त्याआधी त्यातली दोन शेर तिनं तेवढी नातवंडांसाठी डब्यात काढून दिली होती.

माघारी येताना दुपार कलली होती. पाऊस उघडला होता आणि चक्क ऊन पडलं होतं. रिकाम्या गाडीत ती पाय पसरून बसली होती. पुलाच्या अलीकडं आलो तशी म्हणाली, "अंबादास, एक इचारू?"

"इचार की काकी."

"तुझी बायकू माह्यारला गेली की तू आन् तुझा बा दोगंच आसता न्हवं? दोगांच्या आमटीला डाळ किती घालत्यात रं?"

चाळीस वर्षं चुलीपुढं बसलेली बाई मला विचारत होती. मी मूठ उघडून दाखवली. तिनं आपली मूठ माझ्या मुठीशेजारी धरून बघितली, आणि बोटं थोडी आणखी मिटून घेतली.