दुमडलेली बाही

निकिताचा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता, तेवढ्यात गोठ्याबाहेर मोटारसायकल थांबली. तिनं मान वळवली नाही. आवाज ओळखीचा होता.

"आले डॉक्टर," रंगनाथ म्हणाला. "सरक पोरी आता. लई झालं तुझं."

त्याची जर्सी गाय आडवी पडून कण्हत होती. वासराचे पुढचे दोन खूर बाहेर डोकावत होते, पण मुंडकं आतच मागं वळलेलं होतं. गहिनीनाथ आत आला, चपला काढल्या आणि काही न विचारता उजवी बाही दुमडायला लागला. मनगटापासून खांद्यापर्यंत, घडीवर घडी.

बेलापूरच्या आसपासच्या वस्त्यांवर ही बाही सगळ्यांच्या ओळखीची होती. गाय अडली की गहिनीनाथ. उन्हापावसात हा माणूस एकटा हिंडला आणि जनावरांचा डॉक्टर म्हणून नाव कमावलं. मग खांद्यानं दगा दिला. हात डोक्याच्या वर जाईना. तेव्हा त्यानं दोघांना हाताखाली घेतलं, सचिन आणि निकिता. गावं वाटून दिली, दोघांना गाड्या दिल्या. एक गोष्ट मात्र दिली नाही. कुठल्याही शेतकऱ्याचा फोन आला, 'पोरं कशाला पाठवली?', की हा उठून जायचा आणि स्वतः हात घालायचा. लोक म्हणायचे, डॉक्टर ते डॉक्टर. त्याला ते गोड लागायचं, उगाच खोटं कशाला बोला. सचिन वर्षभर बादली धरून कंटाळला आणि डेअरीवर नोकरीला लागला. जाताना भांडलासुद्धा नाही.

राहिली निकिता. अकोले तालुक्याच्या डोंगरातून आलेली, बेलापुरात खोली घेऊन एकटी राहणारी. तीही गेली तर एवढ्या गावांच्या गाई आणि एक दुखरा खांदा, इतकंच उरणार होतं. गहिनीनाथला हे कळत होतं. कळत असूनही तो बाही दुमडत होता.

"सर," निकिता म्हणाली, "तुम्ही घालणार असाल तर मी हात काढते. पण परत घालणार नाही. इथं नाही आणि दुसऱ्या कुठल्या गोठ्यातही नाही."

"घ्या," रंगनाथ म्हणाला. "माझी गाय मरायला टेकली आन् हिला रुसवा सुचतोय."

"रुसले नाही, काका. आधीच सांगून ठेवतेय."

गहिनीनाथचा हात उघडा पडला होता. बाजूला कोमट पाणी होतं, साबण होता. बसायचं आणि हात घालायचा, एवढंच. आत मुंडकं कुठं असेल, ते त्याला डोळे मिटून दिसत होतं.

तो बसला. पण गाईच्या मागं नाही, बाजूला. त्यानं तिची शेपटी धरली आणि वाटेतून दूर केली.

"कुठंय मुंडकं?"

"डाव्या अंगाला. बरगडीला टेकलंय. जबड्यात फास टाकलाय, पण कळ आली की मागंच जातंय."

"कळ जाऊ दे मग."

"डॉक्टर, तुमाला कशाला बोलावलंय?" रंगनाथचा आवाज चढला. "शेपटी धराया? शेपटी मी धरली असती."

"मग धर," गहिनीनाथ म्हणाला. "माझा खांदा दुखतोय."

"आन् गाय गेली तर?"

"तर गावभर माझ्या नावानं बोंब मार. तिला मी पाठवलंय."

रंगनाथ आणखी बोलणार होता, पण दारात त्याची बायको गीताबाई घमेलं घेऊन उभी होती. गाय रंगनाथच्या मालकीची होती, डेअरीचे दुधाचे पैसे त्याच्याच खात्यात यायचे. शेण मात्र गीताबाईच्या वाट्याला होतं, धाराही, आणि ह्या गाईच्या लाथासुद्धा.

"गप ऱ्हावा जरा," ती नवऱ्याला म्हणाली. "गाय बी तुमच्या आवाजाला भ्यायला लागली."

कळ ओसरली. निकितानं दात आवळून वासराला आत ढकललं. गहिनीनाथच्या खांद्यात आपोआप ताण आला, जणू तोच ढकलत होता. त्याचं तोंड उघडलं, खाली दाब, खाली, असं म्हणायला. ते त्यानं मिटून घेतलं.

पुढची कळ आली तशी निकिता थांबली, ओसरली तसा तिचा हात पुन्हा आत सरकला.

"आलं," निकिता हळूच म्हणाली. "वळलं."

मग रंगनाथच दोरीला पहिला लागला. गाईनं कळ दिली की ओढायचं, थांबली की थांबायचं. वासरू सळकन पेंढ्यावर आलं आणि निपचित पडलं. निकितानं त्याच्या नाकातला चिकटा काढला, नाकपुडीत काडी घातली. ते शिंकलं.

रंगनाथनं वाकून मागचे पाय फाकवले आणि तोंड वाकडं केलं. "गोऱ्हा हाय."

"डॉक्टरांनी हात घातला असता तर कालवड झाली असती व्हय?" गीताबाई म्हणाली.

निकिता हसली. रंगनाथनं गोऱ्ह्याला गाईच्या तोंडापुढं ओढलं, ती चाटायला लागली. तेव्हा त्याचाही चेहरा सैल पडला.

"पानी आन गं," तो बायकोला म्हणाला. "डॉक्टरांच्या हातावर घाल."

गीताबाईनं तांब्या वाकवला. गहिनीनाथनं सवयीनं दोन्ही हात पुढं केले. पाणी पडायच्या आत तिघांनीही ते हात पाहिले. कोपरापर्यंत कोरडे, स्वच्छ. त्यानं ते मागं घेतले.

"तिला घाल," तो म्हणाला.

निकिता ओणवी झाली. गीताबाईनं तिच्या खांद्यावरून पाणी सोडलं, साबण लावला, रक्त आणि चिकटा स्वतःच्या हातानं चोळून काढला.

"चीक दरवेळी तुमच्या घरी जातोय," ती गहिनीनाथला म्हणाली. "आज किटली कुठं धाडू?"

"हिच्या खोलीवर."

"एकटी पोरगी काय करंल चिकाचं? मी खरवस करूनच देते. येशील का गं सांच्याला?"

"येईन की, काकू. तसंही गाईला इंजेक्शन टोचायला यावंच लागणार आहे."

"यीव दे," रंगनाथ गाईकडं बघत म्हणाला. "हीच यीव दे."

गहिनीनाथनं चपला घातल्या. कुणी थांबवलं नाही. सगळे गोऱ्ह्याला उभं करण्यात गुंतले होते.

परतीची वाट उसातून होती. एका वळणावर उसाचं पान उघड्या हाताला खरखरून गेलं, तेव्हा त्याला कळलं की बाही अजून खांद्यापर्यंत वरच आहे. त्यानं गाडी थांबवली आणि एकेक घडी सोडवत बाही मनगटापर्यंत आणली. तिच्यावर एक डागसुद्धा नव्हता.