कौतुकाचा फ्लॅट

परदेशात हिवाळ्यामागून हिवाळे भाड्याच्या बेसमेंटमध्ये काढल्यावर हॅमिल्टनला घर ठरलं. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना टॅक्समध्ये सूट मिळते, म्हणून आम्ही अप्लाय करायला बसलो.

वकीलबाईंनी विचारलं, “जगात कुठेही तुमच्या नावावर घर आहे?”

माझा नवरा देवेश बिनधास्त “नाही” म्हणाला. आठवलं मलाच. नागपूरचा फ्लॅट! सासऱ्यांनी कौतुकाने त्यावर लेकाचं नाव घातलंय. राहतो मात्र कायम भाडेकरू. आम्ही तिथे साधा चहासुद्धा प्यायलेलो नाही.

मी सांगितलं तशा वकीलबाई म्हणाल्या, “मग सूट नाही. नवऱ्याचं घर आहे, म्हणजे तुम्हालाही नाही.”

संध्याकाळी वैतागून मी सासऱ्यांना फोन लावला आणि त्या नावापायी काय झालं ते सगळं सांगितलं.

“तुझं नाव नाही म्हणून रुसलीस होय, सूनबाई?” ते हसले. “आजच चढवतो!”